चायनीज आणि चिनी

इंदूरच्या माणसाला ‘तुम्ही बाहेर खाता का?’ असे विचारण्यात काही अर्थ नाही. घरी केव्हा खाता, एवढेच विचारावे. सकाळचे पोहे-जिलबी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर, दुपारची कचोरी कचेरीच्या दाराशी, संध्याकाळी छप्पन दुकानांवर एखादी फेरी, आणि या सगळ्यातून सवड काढून घरी जेवण झालेच, तर रात्री दहा वाजता घरातला कर्ता पुरुष चपला पायांत सरकवीत म्हणतो, “जेवण तर झाले, चला आता काही खाऊन येऊ.” लग्न होऊन १९७९ साली मी नाशिकहून या गावात आले, त्या पहिल्याच आठवड्यात हे वाक्य ऐकले आणि मला ते व्याकरणदृष्ट्याच अशुद्ध वाटले. माझ्या माहेरी हॉटेलात जाणे हे प्रवासाचे, अडचणीचे किंवा उनाडपणाचे लक्षण मानले जाई. येथे मात्र सासरे, सासूबाई, दीर, जावा आणि कडेवरची पोरे असा सगळा लवाजमा मध्यरात्रीच्या सुमारास सराफ्यात उभा राहून भुट्ट्याचा कीस खाताना मी पाहिला, आणि डोक्यावरचा पदर सावरीत मीही द्रोण पुढे केला.

सराफा हा एक चमत्कारिक बाजार आहे. दिवसा तेथे सोने-चांदी विकली जाते; रात्री पेढ्यांची दारे बंद झाली की त्याच ओट्यांवर कढया चढतात. रात्री वर्दळ असली म्हणजे दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच खाद्यपदार्थवाल्यांना थारा दिला असे जुनी माणसे सांगतात. गराडू, दहीवडे, साबुदाण्याची खिचडी, मावाबाटी, शिकंजी या मंडळींत चायनीजची गाडी नेमकी कधी शिरली, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. माझ्या आठवणीत ती १९८० नंतरची. लाल फळी, तिच्यावर पिवळ्या अक्षरांत ‘चाउमीन’, शेजारी रंगाऱ्याने काढलेला ड्रॅगन, जो थेट घोरपडीसारखा दिसे. कढईखाली भपकन उसळणारी ज्वाळा आणि लोखंडी कालथ्याचा खणखणाट. खाण्याआधी तो देखावाच माणसाला उभा करी. इंदूरने या पाहुण्याला आपल्या रीतीने लगेच बाटवून घेतले. नूडल्सवर जिरावण भुरभुरवणारे आणि वर मूठभर शेव मागणारे गृहस्थ मी स्वतः पाहिले आहेत. चातुर्मासात तर ‘जैन मंचुरियन’ मिळू लागले. ज्या पदार्थाचा प्राणच लसूण, तो लसणावाचून करून दाखवणे ही या शहराची व्यापारी प्रतिभा म्हटली पाहिजे.

आमच्या घराने पहिल्यांदा टेबलाशी बसून चायनीज खाल्ले ते दिरांच्या नोकरीच्या पहिल्या पगारातून. अंधूक उजेड, कागदी कंदील, सिरक्यात बुडालेल्या हिरव्या मिरच्यांची वाटी. सासूबाई सावंतवाडीकडच्या. होळकरांच्या गावी येऊन त्यांना तेव्हा तीसएक वर्षे झाली असतील. परंतु जिभेने त्या तळकोकणातच राहिल्या होत्या. मंचुरियन पुढे आले. त्यांनी चमच्याने एक गोळा फोडला, रस्सा ढवळला आणि मालवणीत निर्णय दिला, “ही गोळ्यांची आमटी. डाळ घालूक इसारले.” सगळे हसले. पुढे मला त्या पदार्थाची जन्मकथा वाचायला मिळाली, तेव्हा सासूबाईंचे निदान फारसे चुकलेले नाही असे दिसून आले.

ती कथा मुंबईची आहे. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग हे चिनी वंशाचे स्वयंपाकी १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करीत होते. काही नवीन करा, असे गिऱ्हाईक म्हणाले. वाँग यांनी आपल्याकडच्या कोणत्याही रश्शासारखीच सुरुवात केली: चिरलेले आले, लसूण, हिरवी मिरची. मग गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि मक्याच्या पिठीने रस्सा दाट केला. त्यात तळलेले कोंबडीचे तुकडे सोडले आणि नाव दिले मंचुरियन. चीनच्या ईशान्येला असलेल्या मांचुरियातल्या कोणा माणसाने हा पदार्थ कधी ऐकलेला नव्हता. कोंबडीच्या जागी फुलकोबी आणि पत्ताकोबी आल्यावर तर तो सर्वस्वी आपला झाला. बाकीच्या पदार्थांचा वंशवृक्ष कोलकात्याकडे जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग आछू नावाचा चिनी व्यापारी वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढून बसला. त्याच्या नावाचे आछीपूर गाव अजून आहे. त्याच्यामागून सुतार आले, दंतवैद्य आले, टांगऱ्यात कातडी कमावणारे हक्का लोक आले. ‘हक्का नूडल्स’ हे नाव आपण सर्रास घेतो. हक्का हे एका समाजाचे नाव आहे हे किती जणांना ठाऊक असते? अजिनोमोटोचे पाप मात्र उगाच चिन्यांच्या माथी. ते जपानी नाव. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून ती चव वेगळी काढली.

इंदूरचे चीनशी नाते मात्र नूडल्सहून बरेच जुने आहे, आणि ते फारसे अभिमानाचे नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई. इंदूर हे त्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. येथे तिचे वजन होई, येथे इंग्रज आपला कर वसूल करीत. काचमंदिर बांधणारे सर सेठ हुकुमचंद यांच्या पिढीतल्या व्यापाऱ्यांनी कापसाइतकाच अफूच्या सट्ट्यावर पैसा केला. १९१३ साली चीनला जाणारी अफू कायमची थांबली. सराफ्यात उभे राहून गरम नूडल्स खाताना मला कधीकधी वाटते, आपण त्यांना काय पाठवले आणि बदल्यात आपल्याला काय मिळाले! चहा त्यांचा, चहाचे नावही त्यांचे. हिंदीत साखरेला ‘चीनी’ म्हणतात. आपल्या बरण्या चिनी मातीच्या. हिशेब आपल्या बाजूने फारसा बरा दिसत नाही.

हे सगळे चायनीज. चिनी अन्न ही वेगळी गोष्ट आहे, हे आमच्या घराला कळायला २०२० साल उजाडावे लागले.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा सिचुआन प्रांतातल्या एका शहरात वैद्यकीचे शिक्षण घेत होता. मराठी माणूस आणि चीन म्हटले की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते डॉक्टर होऊन तिकडे गेले आणि १९४२ साली तिकडेच कामी आले. आताची मुले डॉक्टर होण्यासाठी तिकडे जातात, कारण येथे सरकारी जागा थोड्या आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेरचे. जानेवारी २०२०मध्ये चिनी नववर्षाच्या सुटीसाठी तो तीन आठवड्यांच्या बोलीने घरी आला. बॅगेत दोन सदरे, एक जाड पुस्तक आणि आजीसाठी चहाचा डबा. आला तो अडकलाच. अशी सुमारे २३,००० मुले भारतात अडकून पडली होती.

मार्चच्या अखेरीस इंदूरला करोनाने वेढले. राज्यातले अतिशय कठोर निर्बंध आमच्या गावावर आले. सराफा बंद, छप्पन दुकाने बंद, पोहेवाल्याचा ठेला उलटा करून साखळीने बांधलेला. या शहराला दुसरी कोणतीही शिक्षा इतकी लागली नसती. आमच्या दुमजली घरात सहा माणसे होती आणि सहाही जणांना सकाळी सात वाजता ‘बाहेरचे’ काहीतरी हवे असे. पुतण्याचे वर्ग संगणकावर सुरू झाले होते. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. म्हणजे तेथे आठ वाजता सुरू होणारा तास आमच्याकडे पहाटे साडेपाचला. अंधारात वरच्या खोलीतून चिनी प्राध्यापकांचे अडखळते इंग्रजी ऐकू येई आणि सातला पहिला तास संपला की हा मुलगा वखवखून खाली येई. दोन-तीन दिवस त्याने निमूटपणे उपमा खाल्ला. चौथ्या दिवशी म्हणाला, “काकू, आज मी बनवून राहिलो. तुम्ही फक्त बटाटे द्या.”

त्याच्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर एक म्हातारी बाई खानावळ चालवीत असे. चार टेबले, एक चूल. मांस न खाणारे हे भारतीय पोर काय खाईल या चिंतेने तिने त्याला बटाट्याच्या सळ्यांवर पोसले होते. चिनी भाषेत बटाट्याला ‘थूतोउ’ म्हणतात. शब्दशः मातीतली शेंग. बटाटे काडेपेटीतल्या काडीइतके बारीक, एकसारखे चिरायचे. मग ते दोन पाण्यांतून असे खळबळून काढायचे की सगळा पिठूळपणा निघून जावा. शेवटचे पाणी नितळ दिसले पाहिजे. कढई धूर येईतो तापवायची. तेलात सुक्या मिरचीचे तुकडे, मग बटाटे, मीठ, कडेकडेने सिरका, आणि दोन मिनिटांत खाली. बटाटा शिजला पाहिजे, पण मोडता कामा नये. दाताखाली कुरकुरला पाहिजे. सोया सॉस नाही, कांदा नाही, पिठी नाही. मी दारात उभी राहून पाहत होते. आमच्या गॅसची ज्वाळा त्या बाईच्या चुलीपुढे अगदीच केविलवाणी, म्हणून त्याने एका वेळी एकाच माणसापुरते असे सहा घाणे काढले. बाजारात ज्या मोठमोठ्या लोखंडी कढया आपण पाहतो, त्यांचे रहस्य आकारात नसून आचेत आहे, हे त्या दिवशी समजले.

सासूबाईंनी ताटलीत पाहिले. “ह्या काय? बटाटे शिजले नायत.” बटाट्याच्या काचऱ्या म्हणजे झाकण ठेवून, वाफेवर मऊ केलेल्या, कडा किंचित खरपूस झालेल्या; हे त्यांचे आणि माझेही जन्मभराचे शास्त्र. कच्चा बटाटा पोटाला बाधतो, असे त्यांनी नातवाला, जो तेव्हा जठराचे रोग शिकत होता, तीनदा बजावले. मग दुसरी वाढ मागून घेतली. आंबट आणि कुरकुरीत बटाटा गरम भाताबरोबर खाऊन पाहिल्याखेरीज त्याची गोडी सांगून कळणार नाही.

“पण ह्याला काही मजा नाही,” पुतण्या म्हणाला. “ह्यात एक मसाला पडतो. छोटी छोटी फळं, वाळलेली, तोंड उघडलेली. खाल्लं की जिभेला मुंग्या येतात. इथे कुठे मिळणार?” सासूबाई काही न बोलता उठल्या. देवघरातल्या फडताळातून त्यांनी एक काचेची बाटली आणली. आत तिरफळे. दर दोन-तीन वर्षांनी कोणी ना कोणी नातेवाईक त्यांना ती गावाहून आणून देई. समुद्रापासून इतक्या दूर बांगडा मिळण्याची सोय नव्हती, तरी तोंडाकात, मुगागाठीत घालायला त्या ती पुरवून पुरवून वापरीत. मुलाने एक तोंडात टाकले, चावले, डोळे विस्फारले आणि नुसता ओरडला, “आजी!”

सिचुआनचा तो मसाला आणि आपले तिरफळ ही एकाच कुळातली भावंडे आहेत. झाडे काटेरी, फळ वाळून उकलते. दोन्हींकडे आतले काळे बी टाकून द्यायचे आणि टरफल तेवढे वापरायचे. आपल्याकडे ते वाटून बारीक करीत नाहीत, ठेचून टाकतात; तिकडे त्याची पूडही करतात. आपण बाजारात ज्याला ‘शेजवान’ म्हणतो, ते याच सिचुआनचे जुन्या इंग्रजी स्पेलिंगवरून आलेले नाव. पण त्या लालभडक चटणीत मिरची, लसूण आणि सिरका असतो. जिच्यावाचून सिचुआनी स्वयंपाकाचे पान हालत नाही, ती मुंग्या आणणारी वस्तू सहसा नसतेच. ती सावंतवाडीच्या बाटलीत होती. सत्तर वर्षे इंदुरात राहून सासूबाई ‘शेजवान’ आमच्या फडताळात बाळगून होत्या आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता, मलाही नव्हता.

त्यानंतर ते स्वयंपाकघर हळूहळू त्याच्याकडे गेले. टोमॅटो आणि अंडे हा त्याचा दुसरा हुकमी पदार्थ. अंडी फेसून आधी परतून बाजूला ठेवायची, टोमॅटोचा पाणचट रस्सा होऊ द्यायचा, चिमूटभर साखर, आणि अंडी परत आत. चीनमधली बहुतेक मुले आयुष्यात पहिल्यांदा करायला शिकतात तो पदार्थ हाच. टोमॅटोला तिकडे ‘परदेशी वांगे’ अशा अर्थाचा एक शब्द आहे. बंगालीत त्याला ‘बिलिती बेगुन’ म्हणत, आणि आपल्याकडेही वेलवांगी म्हणणाऱ्या आज्या होत्या. बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही तिन्ही अमेरिकेची लेकरे. दोन्ही घरांनी ती दत्तक घेतली आणि आता दोन्ही घरे ती आमचीच म्हणून सांगतात.

भाताच्या बाबतीत तर मला हसूच आले. आपण हॉटेलात दीडशे-दोनशे रुपये मोजून जो ‘फ्राइड राइस’ मागवतो, तो चिनी घरात कालचा उरलेला भात संपवण्याचा उपाय आहे. शिळा, मोकळा, गार भात हवा; ताजा घेतला तर गोळा होतो. म्हणजे आपला फोडणीचा भात! फोडणीचा भात खाण्यासाठी कपडे करून, रिक्षा करून कोणी बाहेर गेल्याचे मी ऐकलेले नाही. हॉटेलने आपल्याला जे विकले ते चिनी मेजवानी म्हणून विकले. त्यात मेजवानी आपली आणि शिळा भात त्यांचा. रोजचे चिनी जेवण म्हणजे मध्ये साधा पांढरा भात, बाजूला एक-दोन भाज्या, त्यातली एखादी पालेभाजी लसणावर परतलेली, आणि सोबतीला पातळसे सार. हे वर्णन मी कोकणातल्या कोणत्याही घराबद्दल लिहिले असते तरी चालले असते.

त्या वर्षीचा १५ जून मात्र सोपा गेला नाही. गलवानच्या खोऱ्यात आपले वीस सैनिक गेले. शोक खरा होता, संताप खरा होता. परंतु संतापाला जवळची वस्तू लागते आणि गलवान फार दूर. दोन-तीन दिवसांत केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी पदार्थांवर बहिष्कार घालावा, ते विकणारी उपाहारगृहे बंद करावीत असे आवाहन केले. आमच्या वसाहतीच्या मोबाइलवरच्या गटातही ‘आजपासून चायनीज बंद’ अशा शपथा सुरू झाल्या. कोबी माळव्यातला, मिरची निमाडातली, मैदा आपल्या गिरणीतला, तळणारा हात मुरैन्याचा किंवा नेपाळचा. आणि टाळेबंदीने आधीच तीन महिने उपाशी बसलेला. त्याच्या मंचुरियनने चीनचे काय बिघडणार होते, ते मला कळेना. गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या एका गृहस्थांनी हसत हसत पुतण्याला विचारले, “काय डॉक्टर, तुम्ही कुणाच्या बाजूचे?” विनोदच होता. मुलगा काही बोलला नाही. चार दिवस तो स्वयंपाकघराकडे फिरकला नाही. पहाटेचा तासही दार घट्ट लावून, कानांत नळ्या घालून ऐकू लागला, म्हणजे चिनी माणसाचा आवाज जिन्यात येऊ नये.

मला त्या दिवसांत राजस्थानातले देवली आठवत राहिले. १९६२च्या युद्धानंतर आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडच्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना तेथील छावणीत नेऊन ठेवले होते. पिढ्यान्‌पिढ्या येथे जन्मलेली, असमिया आणि हिंदी बोलणारी, चहामळ्यांत सुतारकाम करणारी माणसे. काहींना तेथे पाच-पाच वर्षे काढावी लागली. परतल्यावर अनेकांना घरे-दुकाने लिलावात गेलेली आढळली आणि त्यातले कित्येक कॅनडाला निघून गेले. पुढच्या दोन दशकांत माणसे गेली आणि खाद्यपदार्थ मात्र गल्लोगल्ली पसरला. आपण एवढ्या आवडीने ज्यांचे नाव पाटीवर रंगवतो, त्यांना नावापुरतेच जवळ केले. आमच्या घरातला मुलगा तर मराठी, इंदूरचा, कपाळावर गणेशोत्सवात टिळा लावणारा. त्याला एवढा एक प्रश्न इतका लागला. देवलीतल्या मुलांना काय वाटले असेल?

पाचव्या दिवशी त्याला खाली आणले ते आजीने. तिने ना गलवानचा विषय काढला ना शेजाऱ्याचा. “बाबा, तुझो तो नवो भात कर,” एवढेच म्हणाली. तो ‘चोउ’ म्हणजे पातळ, आटवून मऊ केलेला तांदूळ. भरपूर पाण्यात मंद आचेवर तास-दीड तास. सिचुआनात तो सकाळी मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या भाज्यांबरोबर खातात. तेथील बरण्यांच्या गळ्याभोवती पाण्याची पाळ असते, बाहेरची हवा आत जात नाही, आतली मात्र बुडबुडे होऊन निघून जाते. आमच्याकडे खारातल्या कैरीची फोड होती. सासूबाईंनी पहिली वाटी तोंडाला लावली, थांबल्या, नातवाकडे पाहिले. “अरे, ही आमचीच पेज मां?” त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस पेज होऊ लागली. ती पेज की चोउ, यावर आजी-नातवाचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

एप्रिल २०२१च्या लाटेत आम्हां सर्वांनाच ताप आला. सासूबाईंना अठ्ठ्याऐंशीवे चालू होते. प्राणवायूची पातळी सुदैवाने खाली गेली नाही, पण वास आणि चव दोन्ही गेली. अन्न समोर आले की त्या मान फिरवीत. खाण्यावर इतके प्रेम असलेल्या माणसाला जेवण म्हणजे कापूस चघळणे व्हावे, हे मला बघवेना. पुतण्याने पेजेत ठेचलेले तिरफळ टाकले. दोन घास गेले आणि त्या म्हणाल्या, “चव नाय लागत. पण जिभेक कायतरी कळता.” त्याने मला नंतर समजावून सांगितले की तिरफळाची ती झिणझिण ही चव नव्हेच, ती स्पर्शाच्या तंतूंनी कळते, म्हणून नाक आणि जीभ रुसली तरी ती पोचते. तो हे सांगत होता तेव्हा पहिल्यांदा मला तो डॉक्टरसारखा दिसला. रुग्णालयात पाय न ठेवता, खिडकीतून रुग्णवाहिकांचे आवाज ऐकत त्याची दोन वर्षे चालली होती. संगणकावर शिकलेली वैद्यकी येथे मानली जाईल की नाही, याचे नियम दर काही महिन्यांनी बदलत. दीर कर्जाचे हप्ते भरीत होते. या गोष्टींवर आमच्या घरात जेवताना कोणी बोलत नसे. तो नियम कोणी केलेला नव्हता, पण सगळे पाळीत.

त्या आठवड्यात ती बाटली निम्मी झाली. सासूबाई दिवाळीपर्यंत पुन्हा भुट्ट्याचा कीस मागण्याइतक्या ठणठणीत झाल्या.

सराफा पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही सगळे गेलो. चायनीजच्या गाडीभोवती पूर्वीपेक्षा जास्त गर्दी होती. शपथा घेतलेले बरेचसे चेहरे मी ओळखले. पुतण्याने काय घ्यावे? आम्हांला वाटले, नाक मुरडील. त्याने दोन प्लेट मंचुरियन संपवले. “हे चिनी थोडीच आहे,” तो म्हणाला, “हे तर आपलं आहे. तिथे मला ह्याचीच आठवण यायची.” पुढे २०२५मध्ये, सराफ्यात पारंपरिक पदार्थांचीच दुकाने ठेवावीत, चायनीज-मोमो नकोत, अशी चर्चा गावात जोरात झाली. त्या वेळी मला त्याचे हे वाक्य आठवले. चाळीस वर्षे ओट्यावर उभ्या असलेल्या पदार्थाला परंपरेत दाखल व्हायला आणखी किती वर्षे लागतात, हे ठरवणाऱ्यांनी एकदा सांगावे. सराफ्यातला बटाटा तरी कोठे रामायणकालीन आहे!

ऑगस्ट २०२२मध्ये चीनने विद्यार्थ्यांना पुन्हा प्रवेशपत्रे देण्यास सुरुवात केली. थेट विमाने नव्हती. दुप्पट-तिप्पट भाडे देऊन, आडवाटेने, वाटेत विलगीकरणाचे दिवस काढीत तो नोव्हेंबरात तेथे पोचला. तीन आठवड्यांसाठी आलेला मुलगा पावणेतीन वर्षांनी परत गेला. निघताना सासूबाईंनी उरलेली तिरफळे एका पुरचुंडीत बांधून दिली. त्या खानावळवाल्या बाईसाठी. “तिका सांग, आमच्याकडेय असता.”

दोन आठवड्यांनी त्याचा दूरध्वनी आला. आम्ही सगळे सासूबाईंच्या पलंगाभोवती जमलो. बाई जिवंत होती, खानावळ चालू होती, चारांपैकी दोन टेबले कमी झाली होती. तिने पुरचुंडी उघडली, एक तिरफळ उचलून नखाने फोडले, हुंगले, चावले आणि बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, माल चांगल्या जातीचा आहे, पण जुना. वास उडाला आहे. आजीला सांग, पुढच्या वेळी यंदाचे पाठव.

सासूबाई उशीला टेकून ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली.

“बरोबर सांगता ती. चार वर्सां झाली तेका.”